शिकाऊ, अनुभव तेरा वर्षं

चाकण-तळेगाव रस्त्यावर, एमआयडीसीकडे वळतो त्या फाट्यावर माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि बायोडाटा. ह्यातली पहिली तीन कामं कोणीही करतं. बायोडाटा मात्र ह्या पट्ट्यात माझ्यासारखा कोणी करत नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी माझं कौतुक करायला रिकामं बसलेलं नाही.

पोरं येतात ती मोबाइलमध्ये कुणातरी मित्राचा बायोडाटा घेऊन. ताई, ह्यातलं फक्त नाव बदला म्हणतात. नाव बदलतं, पण बापाचं नाव तसंच राहतं, आणि मग एका महिन्यात एकाच बापाची सहा पोरं एकाच कंपनीत अर्ज करतात. छंदात वाचन लिहितात. साहेबानं काय वाचता विचारलं की ह्यांच्या तोंडाला कुलूप. मेहनती आहे असं तर सगळेच लिहितात. अरे बाबा, मेहनती गाढवही असतं. दिवसाला किती नग काढले, त्यातले किती खराब गेले, ते सांग. आणि सगळं एका पानात बसव, कारण एचआरवाली बाई तुझ्या कागदाकडे फोडणी तडतडायला लागते तेवढाही वेळ बघत नाही.

एक नियम मी भिंतीवरच चिकटवलाय. कागद दाखवा, तरच लिहीन. सर्टिफिकेट नाही, पत्र नाही, तर अनुभवही नाही. सुरुवातीला एका पोराच्या तोंडी शब्दावर दोन वर्षांचा अनुभव लिहून दिला होता, त्याला गेटवरून परत पाठवला आणि त्याची आई माझ्या काउंटरसमोर उभी राहून तासभर माझा उद्धार करत होती. तेव्हापासून शहाणी झाले. ह्या नियमाचा मला फार अभिमान होता. तोच माझ्या नवऱ्याच्या मुळावर आला.

आमचे हे, जयदीप, इथून चार किलोमीटरवरच्या एका कंपनीत व्हीएमसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, सेटर आहेत. ब्रेकचे भाग बनतात तिथं. तेरा वर्षं तेच मशीन, तीच जागा, खाली उभं राहायला तोच लाकडी पाट. पण कंपनीत आहेत म्हणायची सोय नाही. ते ठेकेदाराकडे आहेत, आणि ठेकेदार सात महिने झाले की ब्रेक देतो. म्हणजे पंधरा-वीस दिवस घरी बसायचं आणि मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच गेटातून पुन्हा आत जायचं. माणूस सलग कामाला होता हे कागदावर दिसता कामा नये. दिसलं तर तो उद्या परमनंट करा म्हणेल.

आता ह्यांच्या मशीनला ब्रेक परवडत नव्हता. हे घरी बसले की खराब माल वाढायचा आणि सुपरवायझर रणजीत सर वरच्यांच्या शिव्या खायचे. सात-आठ वर्षांपूर्वी असाच ब्रेक आला. त्याच सुमाराला ह्यांचा आतेभाऊ विक्की तीन वर्षांच्या शिकाऊ योजनेत तिथं भरती झाला होता. अकरा दिवस आला. उभं राहून पाय दुखतात म्हणून बाराव्या दिवशी राजगुरुनगरला जाऊन झोपला तो झोपलाच. त्याचा गेटपास मात्र जिवंत होता, आणि शिकाऊला ब्रेक नसतो. रणजीत सरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, महिनाभर विक्कीच्या पासवर ये, मग बघू. पासवरचा फोटो इतका काळा होता की त्यात कोणीही खपलं असतं.

तो महिना तीन वर्षं चालला. हाताखाली चार पोरं तयार केलेला माझा नवरा तीन वर्षं शिकाऊ म्हणून काम शिकत होता. ठेकेदाराची हरकत नव्हती, कंपनीला पत्ता नव्हता. पैसे विक्कीच्या खात्यात यायचे आणि तो न चुकता आणून द्यायचा, तेवढा तो सरळ आहे. मुदत संपल्यावर हे पुन्हा स्वतःच्या नावावर आले. घरात मागे राहिली एक प्लास्टिकची फाइल. शिकाऊ योजना उत्कृष्ट श्रेणीत पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट, वर्षभर एकही नग खराब न काढल्याचं बक्षीस, शंभर टक्के हजेरी, आणि मशीनमध्ये जॉब, म्हणजे कच्चा नग, बसवायचा वेळ निम्म्यावर आणणारी पट्टी सुचवल्याबद्दल प्लांटच्या मोठ्या साहेबांच्या सहीचं पत्र. सगळी विक्रमच्या, म्हणजे विक्कीच्या नावावर.

गेल्या पावसाळ्याआधी शालनआत्या विक्कीला घेऊन दुकानात आल्या. शालनआत्या म्हणजे विक्कीची आई. तोवर विक्कीची मोबाइल कव्हरची टपरी, उसाच्या रसाचं मशीन आणि भाड्याचा टेम्पो असं सगळं करून झालं होतं, आणि मुलीकडचे लोक पहिला प्रश्न विचारत होते, मुलगा कंपनीत आहे का. आत्या म्हणाल्या, तू एवढ्या जगाचे बायोडाटे करतेस, ह्याचा कर. मी विक्कीला म्हटलं, कागद दाखव. त्यानं आधार कार्ड काढलं.

दुपारी हे डबा न्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, घरी गेले आणि ती फाइल घेऊन आले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बाजूला नेऊन म्हटलं, अहो, डोकं फिरलंय का तुमचं? तर म्हणाले, त्याच्या नावाचीच हायेत, आपल्याला काय लोणचं घालायचंय? आणि भिंतीवरच्या माझ्या नियमाकडे बोट दाखवलं. कागद आहे, तर लिही.

नियम माझाच होता.

मग मी लिहायला बसले. सर्टिफिकेटावर नुसतं उत्कृष्ट म्हटलेलं असतं, त्यानं बायोडाटा होत नाही. नक्की काय काम केलं ते लागतं. विक्कीला विचारून उपयोग नव्हता, तो मोबाइलवर क्रिकेट बघत होता. म्हणून मी ह्यांना विचारलं, आणि हे स्टुलावर बसून सांगत गेले. टूल झिजत आलं की आवाज बदलतो, मोजमाप चुकायच्या आधी तो कानाला कळतो. सकाळचा पहिला नग कधीच खरा धरायचा नाही, कारण मशीन रात्रभर थंड असतं. थंडीत आणि उन्हाळ्यात आकडा वेगळा द्यावा लागतो. ती पट्टी त्यांना कशी सुचली, आधी ती पत्र्याची कापून कशी बघितली, हेही सांगितलं.

सोळा वर्षं संसार झाला आमचा. हे काम काय करतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी आले की हा माणूस चहा पितो, बातम्या बघतो आणि झोपतो. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मला रडू यायला लागलं, आणि मी ते प्रिंटरमध्ये कागद अडकलाय म्हणून मागे वळून पुसलं.

तो बायोडाटा मी आयुष्यात लिहिलेला सर्वांत चांगला बायोडाटा आहे. एक शब्द उगाच नाही, एक आकडा कागदाशिवाय नाही. वाचणाऱ्याला ते मशीन आणि त्याच्यापुढचा माणूस डोळ्यांसमोर दिसावा असा. वर नाव फक्त विक्रम. मी तो सगळ्या नोकरीच्या साइटवर चढवून टाकला, जसे सगळ्यांचे चढवते, आणि विसरून गेले.

दोन महिन्यांनी ह्यांच्याच कंपनीनं चार परमनंट जागा काढल्या. व्हीएमसी सेटर, वय चाळिशीच्या आत. हे दिवाळीला चाळीस पूर्ण करणार होते. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. परमनंट म्हणजे ब्रेक नाही, पोरीच्या कॉलेजच्या वेळेला बँकेत ताठ मानेनं जाता येईल, आणि कोणी विचारलं कुठे असता, तर कंपनीचं नाव घेता येईल. मी म्हटलं, आता बघाच, असा बायोडाटा करते.

आणि बसले तर काय! ह्यांच्या नावाचे कागद म्हणजे हाती लागली ती आठ ठेकेदारांची आठ पत्रं. कोणाकडे सात महिने, कोणाकडे पाच, मध्ये रिकाम्या जागा. तिघांची ऑफिसंच बंद. एकाच्या लेटरहेडवर लिहिलेलं, हाऊसकीपिंग व बागकाम, म्हणजे कागदावर माझा नवरा सात महिने झाडांना पाणी घालत होता. आणि मधली तीन वर्षं तर हे कुठेच नव्हते. ना ठेकेदाराकडे, ना कंपनीत. कंपनीचं नाव एकाही कागदावर नाही.

मी रणजीत सरांकडे गेले. म्हटलं, दोन ओळींचं पत्र द्या, जयदीप तेरा वर्षं ह्या मशीनवर आहेत, बस. सरांचा चेहरा पडला. माणूस वाईट नाही, पण घाबरट. म्हणाले, वहिनी, असं लिहून दिलं तर उद्या ते कोर्टात जाईल, परवा माझी नोकरी जाईल. मग मी ह्यांच्यासाठी भिंतीवरचा नियम मोडायला बसले. पण कंपनीचा फॉर्म माझ्याहून कडक निघाला. प्रत्येक नोकरीला मालकाचं नाव, तारीख आणि पत्राचा फोटो. आठ ओळी भरल्या. तीन वर्षांच्या रिकाम्या जागेला कारण विचारलं, तिथं घरगुती अडचण लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते?

चौथ्या दिवशी उत्तर आलं. उमेदवाराच्या नोकरीत स्थैर्य आढळत नसल्यामुळे अर्ज पुढे पाठवता येत नाही. खाली नाव, ऋचा, मनुष्यबळ विभाग. स्थैर्य! तेरा वर्षं एका पाटावर उभा आहे हा माणूस, पाटाला त्याच्या पायांचे खड्डे पडलेत, आणि ह्या बाईला स्थैर्य दिसत नाही. मी त्या दिवशी गिऱ्हाइकांवर इतकी खेकसले की दोघं शेजारच्या दुकानात गेले.

त्याच आठवड्यात शालनआत्या पेढे घेऊन आल्या. विक्कीची निवड झाली होती. त्यानं अर्जसुद्धा केला नव्हता, कंपनीनंच साइटवरचा बायोडाटा उचलला होता. नोटिशीत एक कलम होतं, आपल्याच प्लांटमध्ये तीन वर्षं शिकाऊ म्हणून काम केलेल्यांना मशीनवरची परीक्षा माफ. तोंडी मुलाखतीत विक्कीनं माझा बायोडाटा घडाघडा म्हणून दाखवला होता. विक्की बिचारा मान खाली घालून म्हणाला, वहिनी, मी नाही म्हणून कळवू का? आणि लगेच आईकडे बघितलं. आत्यांनी चाकणच्याच एका मुलीकडच्यांना होकार कळवूनही टाकला होता. मी पेढा घेतला. तो तसाच झेरॉक्सच्या कागदावर ठेवून दिला.

हे मात्र विक्कीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ये की, शिकवतो. मला त्या वेळी ह्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. चांगुलपणालाही काही ताळतंत्र हवं.

दोन दिवसांनी रणजीत सर स्वतः दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले, मग हळूच बोलले. नेमणुकीचं पत्र द्यायच्या आधी ऋचा मॅडम चौकशी करणार होत्या. विक्रम त्या काळात मशीनवर कसा होता, हे लाइनवरच्या जुन्या माणसाला विचारणार होत्या. जुना माणूस म्हणजे हेच. खरं सांगितलं तर दुसऱ्याच्या पासवर काम केलं म्हणून हे बाहेर आणि सरही बाहेर, तेव्हा खरं कोणीच सांगायचं नव्हतं. पण नुसतं आठवत नाही म्हटलं तरी पुरे होतं. चौकशी कच्ची राहिली की जागा रिकामी पडणार, वेटिंगमध्ये कोणी नाही, मशीन तर चालवायलाच हवं. मग सर मॅडमना म्हणणार होते, जयदीपची परीक्षा घेऊन बघा. आणि परीक्षा म्हटल्यावर ह्यांच्यापुढे कोण टिकणार? विक्कीनं काकुळतीला येऊन मला फोनवर सांगितलं, वहिनी, खरंच तसं करा, मला त्या मशीनची भीती वाटते.

म्हणजे एवढंच हवं होतं. दोन शब्द.

मी ह्यांना रात्रीच्या जेवणाला नाही, सकाळीच गाठलं, डबा भरताना, म्हणजे डोक्यात ताजं राहील. म्हटलं, हे बघा, खोटं बोलायचं नाही. विक्की कामाला कसा आहे, हे तुम्हाला खरंच माहीत आहे का? अकरा दिवस आलेला माणूस तो. तेव्हा माहीत नाही म्हणा, हे शंभर टक्के खरं आहे. देवासमोर उभं राहून म्हणता येईल असं खरं आहे. ह्यांनी ऐकून घेतलं, दोनदा मान डोलावली. मी त्यांच्याकडून म्हणवूनसुद्धा घेतलं. मॅडम, आठवत नाही. गाडीला किक मारली आणि गेले. मी दिवसभर दुकानात होते पण माझं कशात लक्ष नव्हतं. एकाच्या दहावीच्या मार्कशीटच्या चाळीस झेरॉक्स काढून ठेवल्या, त्याला चार हव्या होत्या.

संध्याकाळी हे आले. हातपाय धुतले, खुर्चीवर बसले. चेहरा असा की मला वाटलं जमलं. खुशीतच होते. गेल्या कित्येक वर्षांत ह्यांना असं मी बघितलं नव्हतं. मी विचारलं, आल्या होत्या का मॅडम?

"आल्या की," हे म्हणाले. "थेट मशीनपाशी. वही घेऊन."

मॅडमनी आधी विचारलं म्हणे, तुम्ही त्या तीन वर्षांत इथं होता का. हे म्हणाले, होतो, ह्याच मशीनवर. ज्या बाईनं ह्यांच्या फॉर्ममधली तीच तीन वर्षं रिकामी बघून अर्ज बाजूला टाकला, तिनं ते निमूट लिहून घेतलं. मग विचारलं, विक्रम कामाला कसा होता.

"मग?" मी म्हटलं. "काय सांगितलंत?"

हे पंच्याच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत बसले. मग सगळं सांगितलं. एकही खाडा नव्हता म्हणून मॅडमना सांगितलं. घरी आजारपण होतं, घरातलं पोर दवाखान्यात होतं, तरी शिफ्ट चुकवली नाही, हेही सांगितलं. त्याच्या हातचा एक नग तीन वर्षांत परत आला नाही. टूल कधी बदलायचं ते त्याला कानानं कळायचं. ती पट्टी त्यानंच केली, आजसुद्धा तीच लावतो आम्ही, म्हणून मशीनचं दार उघडून मॅडमना दाखवली. मॅडमनी तिचा फोटो काढला. पान भरलं, पान उलटून लिहिलं. जाताना म्हणाल्या, असा माणूस परत मिळतोय हे कंपनीचं नशीब. विक्कीचं पत्र दुपारीच निघालं होतं.

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी एवढंच म्हणाले, "सकाळी तुमच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं हो मी. आठवत नाही म्हणणार होता ना तुम्ही?"

"म्हननार व्हतो," हे म्हणाले. "त्वांडापत्तुर आलं व्हतं. पन तेरा वर्सांत पयल्यांदा कुनीतरी म्होरं उभं ऱ्हाऊन, वही उघडून इचारलं, मानूस कामाला कसा व्हता. मंग आठवत न्हाई, असं कसं सांगू गं?"